विषय असा आहे की…

सरांच्या खुर्चीखाली विंचू निघाला, तेव्हा पहिल्या बाकावरचा मुलगा अदबीनं उभा राहिला आणि म्हणाला, "सर, वस्तुस्थिती अशी आहे की तुमच्या खुर्चीखाली विंचू आहे."

सर शेवटच्या दोन शब्दांना हवेत उडाले. पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घातली, कोणीतरी चप्पल हाणली, विंचू गेला. मग सर धापा टाकत म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. नामवाक्य स्वच्छ आलं. बस."

आमच्या धामणगाव बढ्यात, मोताळा तालुक्यात, असे एक सर असायचेच. तुमच्या गावातही असतील. इंग्रजी शिकवता शिकवता ज्यांची मराठी इंग्रजीच्या वळणावर गेली आणि परत आलीच नाही, असे. नाव सांगत नाही, आणि सांगूनही उपयोग नाही, कारण गाव त्यांना 'दॅटसर' म्हणूनच ओळखायचं. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलेली पिढी. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आमचं सगळं शिकून चुकून झालं होतं. सर आम्हाला आठवीत भेटले आणि त्यांनी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: 'द फॅक्ट इज दॅट'. पुढं काहीच लिहिलं नाही. खडू खाली ठेवला, हात झटकले आणि वर्गाकडे असं पाहिलं, जसा शेतकरी पेरणी उरकून धुऱ्यावर उभा राहून वावराकडे पाहतो.

"पुढं काय, सर?"

"पुढं काहीही चालतं. अवघड काम इथपर्यंतचंच आहे."

हेच त्यांच्या आयुष्याचं सूत्र होतं. त्यांना 'की'च्या पुढच्या मजकुरापेक्षा 'की'च्या अलीकडचा मांडव जास्त प्रिय. गोष्ट अशी आहे की. अडचण अशी आहे की. माझं म्हणणं एवढंच आहे की. एकदा मुंबईहून परतताना तिकीट खिडकीवर त्यांनी सुरुवात केली, "विषय असा आहे की मला धामणगावला जायचं आहे, आणि त्यासाठी मुद्दा असा येतो की…" पुढं 'मलकापूरला उतरावं लागतं' असं यायचं होतं. ते येईपर्यंत तिकीट छापून झालं होतं. त्याच नागपूर लाईनवर, मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा मागं टाकून पुढं आणखी एक धामणगाव आहे, अमरावती जिल्ह्यातलं, धामणगाव रेल्वे. तिकीट तिथलं निघालं. सर मलकापूरलाच उतरले, पण पुढच्या सगळ्या स्टेशनांचे पैसे भरून. एका 'की'पायी अख्खा अकोला जिल्हा आडवा ओलांडण्याचं भाडं गेलं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. तिनं ते 'की' न लावता सांगितलं होतं.

सरांचा अभ्यास मात्र खोटा नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' त्यांच्याकडे होतं, वरच्या फळीवर, नॅप्थालीनच्या गोळ्यांसकट. स्वरूपबोधक उभयान्वयी अव्ययं चार, म्हणून, म्हणजे, की, जे, ही ते पाढ्यासारखी म्हणायचे. त्यातलं 'जे' जुनं, महानुभावांच्या गद्यात आणि जुन्या पत्रांत 'सांगितले जे' म्हणून भेटणारं. आज ते अंगणातून उठून गेलंय. 'की'चा धागा जाणकार फारसीतल्या 'कि'शी जोडतात. मला यात सगळ्यात मोठी गंमत 'म्हणून'ची वाटते, कारण ते शेवटी येतं. आधी मजकूर, मग त्याचं नाव. सरांना ते कधीच आवडलं नाही. ते म्हणत, शेपटीला धरून बैल घरात आणू नये.

सरांचं आणखी एक युद्ध 'कारण की'शी होतं. 'द रीझन इज बिकॉज' लिहिणाऱ्याला ते अर्धा मार्क कापत आणि 'कारण की' म्हणणाऱ्याला अख्खा. "कारण म्हणजेच कारण. त्याला पुन्हा 'की'चं शेपूट कशाला?" असं 'की'चा सगळ्यात मोठा भक्त विचारतोय, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. आम्ही फक्त मार्क मोजायचो.

एक धडा मात्र आमच्या पोरांना आपोआप जमला. सरांनी ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज इंग्रजीत लिहायला शिकवला: 'माय रिक्वेस्ट इज दॅट द रोड बी रिपेअर्ड.' शहरातली पोरं इथं हमखास 'इज' घालतात. मागणी असेल तर 'बी' हवं, हे त्यांच्या पचनी पडत नाही. आमच्या वर्गाला काही वाटलंच नाही. मीबी येतो, तूबी चाल, रस्ताबी दुरुस्त करा. वऱ्हाडीत 'बी' कुठंही बसतं. सगळ्या वर्गाचं ते वाक्य बरोबर आलं, एकाचंही कारण बरोबर नव्हतं. सरांनी त्या दिवशी पेढे वाटले. रस्त्याचं म्हणाल तर अर्ज इंग्रजीत असल्यामुळे तो कोणी वाचला नाही.

त्यांच्या वाक्याची खरी परीक्षा मात्र वर्गात नाही, घराच्या स्लॅबवर व्हायची. एप्रिल-मे आला की सरांच्या घरी कुरडया घातल्या जायच्या. पांढऱ्या धोतरावर ओल्या कुरडयांची रांग, कडेला दगड ठेवलेले. वळवाचं आभाळ मोताळ्याकडून काळं व्हायला लागलं, की सरांची आई खालून एवढंच म्हणायची:

"पानी येते वाटते."

'पानी' ऐकल्याबरोबर सून जिन्यात. 'येते'ला दोन पायऱ्या. 'वाटते' संपेपर्यंत तिचे दोन्ही हात धोतराच्या टोकांवर. शेवटच्या 'वाटते'कडे कोणी लक्षही द्यायचं नाही, ते म्हातारीच्या नम्रतेसाठी असायचं.

एकदा म्हातारी घरात नव्हती. आभाळ सरांनी पाहिलं. ओट्यावरून त्यांनी सुरुवात केली, "मला असं वाटतं की…" बायकोनं पीठ मळायचं थांबवलं नाही. असं वाटतं म्हणजे सरांना रोजच काहीतरी वाटतं. "…आजची एकंदर परिस्थिती अशी आहे की…" इथं पहिला थेंब पडला. 'पाऊस' हा शब्द आला तेव्हा कुरडयांचं पुन्हा चीक झालं होतं. तो चीक बायकोनं सरांसमोर ताटात आणून ठेवला आणि म्हणाली, "घ्या. तुमचा दॅट."

मला वाटतं, सरांचं कौतुक करायचं तर इथंच करावं. त्यांनी तो चीक मुकाट्यानं खाल्ला.

मग त्यांचा पुतण्या आला. पुण्यात अमेरिकन कंपनीचे फोन घ्यायचा, रात्री जागायचा, दिवसा ओट्यावर पडून असायचा. पोरांच्या भाषेत 'विषय हार्ड', 'विषय संपला' असलं चाललेलं. सरांना यातल्या दुसऱ्याचं फार वाईट वाटायचं, कारण त्यांचा अजून सुरूच झालेला नसायचा. एका रात्री पुतण्या फोनवर कोणा साहेबाशी बोलत होता आणि सरांचे कान टवकारले.

"द थिंग इज, इज दॅट…"

सर उठून बसले. फोन संपायची वाट पाहिली. "दोन इज?"

"सगळे तिकडं असंच म्हणतात, काका. साहेब बी म्हनते."

सरांना ती रात्र झोप नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं. हे जुळे 'इज' अमेरिकनांच्या बोलण्यात बरीच वर्षं नांदताहेत. ड्वाइट बोलिंजर या भाषातज्ज्ञानं 1987 सालीच त्यांच्यावर लिहून ठेवलंय. बोलणाऱ्याला 'द थिंग इज' हा एकच गठ्ठा वाटायला लागतो, 'गोष्ट' म्हणावी तसा, आणि मग त्या गठ्ठ्याला क्रियापद नाही म्हणून तो आणखी एक 'इज' लावतो. चूक खरी, पण भाबडी. सरांना मात्र साहेबानंच त्यांच्या घरात चोरी केल्यासारखं झालं. सकाळी चहाला ते बायकोला म्हणाले, "म्हणजे कसं आहे, विषय असा आहे की त्या लोकांना आपलीच भाषा येत नाही."

बायको कप धुता धुता म्हणाली, "आता तुमी किती 'आहे' म्हन्ले?"

सरांनी बोटं उघडली. मनात वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. एक बोट मिटलं. दुसरंही मिटलं. चहा गार झाला.

त्या वर्षीच्या मेमध्ये मी गावी गेलो होतो. दुपारी सरांच्या ओट्यावर बसलो होतो. घरातल्या बाया लग्नाला पिंपळगाव देवीला गेलेल्या, स्लॅबवर कुरडया, आणि मोताळ्याकडून तेच काळं आभाळ. सरांनी वर पाहिलं. तोंड उघडलं. मी 'विषय'ची वाट पाहत राहिलो.

"पानी!" सर ओरडले आणि पासष्टीतला तो माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गेला. आम्ही दोघांनी धोतराची चारी टोकं धरून कुरडया आत आणल्या. एक दगड माझ्या पायावर पडला, बाकी काही सांडलं नाही. बाहेर धो धो सुरू झालं. सर दारात उभे, खांद्यावर एक कुरडई चिकटलेली, श्वास लागलेला. काहीतरी राहून गेल्यासारखे दोन-तीनदा घुटमळले.

मग घसा साफ करून हळूच म्हणाले, "…असा विषय आहे."