निनावी पुड्यांच्या दानशूर दात्यांस



टपालाने बियांची अदलाबदल करणाऱ्या प्रत्येक मंडळात आपण असताच. पुडीवर ‘भोपळा’ एवढंच लिहिण्याचा आपला संयम थोर आहे. लाल की दुधी, हे पेरणाऱ्याने पावसाळाभर वाट पाहून शोधावं; त्याच्या आयुष्यात काही उत्कंठा नको का? वाण, गाव, बी धरल्याचा महिना विचारणाऱ्या संयोजकाला आपण ‘कारकून’ म्हणता. वीस जणांनी एकमेकांना थेट बिया पाठवल्या तर ३८० पाकिटं होतात. सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाठवून तिथून वाटणी झाली तर ४०. ही ३४० पाकिटं वाचवणाऱ्या कारकुनाला हवं काय, तर पुडीवर चार शब्द आणि परतीच्या पाकिटावर आपला पत्ता व तिकीट.

आपण म्हणाल, बी घरचं आहे, त्या वेलाचा दुधी आम्ही खाल्लाय, गोड होता. साक्ष खरी, पण चुकीच्या पिढीची. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांवर येणाऱ्या पतंगांना कुंपणाची हद्द कळत नाही. तंबोऱ्याचा कडू भोपळा आणि भाजीचा दुधी एकाच प्रजातीचे. जवळ कडू वेल असेल तर त्याचे पराग आपल्या मादी फुलावर बिनदिक्कत उतरतात. तरीही आपल्या वेलाचं फळ गोडच लागतं, कारण गरात बापाचा वाटा नसतो. तो दडतो बीमध्ये, आणि कडूपणा हा प्रभावी गुण. म्हणजे दोष उघड होणार तो पुडी ज्याच्याकडे गेली त्याच्या ताटात! शिवाय कडू दुधीने नुसतं तोंड वाकडं होत नाही, उलट्या होऊन माणूस दवाखान्यात पोचू शकतो. तेव्हा ‘फूल हाताने फळवून बांधलं होतं का?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नव्हे. वाल, घेवडा, टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागांवर फळतात. तिथे वाण आणि साल पुरे. सगळ्यांना एकच जाच करावा, असं कुणाचंच म्हणणं नाही.

‘देण्याघेण्यात कसला हिशेब?’ हा आपला लाडका आक्षेप. हिशेब आपल्या औदार्याचा नाही, ओलाव्याचा आहे. बीमधला ओलावा एका टक्क्याने उतरला की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला ढोबळ नियम आहे. आपण मात्र ओलसर बी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून धाडता आणि वाटणीला येते बुरशी. सावलीत नीट वाळवलेलं बी, कागदी पुडी, आणि वालासारखं बी शिक्क्याच्या ठोक्याखाली फुटू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा, एवढ्यात काम भागतं. (परदेशातल्या भाचीकडून पाकिटात बिया मागवण्याची हौस मात्र आवरावी, त्याला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.) हिशेब वेळेचाही आहे: अक्षय्य तृतीयेला आळी घालायची तर वाटणी चैत्र लागताच व्हायला हवी, आपली पुडी श्रावणात निघते.

पुढच्या खेपेस पुडीवर जागा उरलीच, तर आपलं नावही लिहावं. तक्रारीसाठी नव्हे, वाण चांगलं निघालं तर पुन्हा बी कुणाकडे मागायचं, ते कळावं म्हणून.