चाइल्ड थीमवाला

दूधवाला, केबलवाला, टँकरवाला या घराण्यात अलीकडे आणखी एका वाल्याची भर पडली आहे. ज्या दुकानदाराची वेबसाइट आहे त्याच्या फोनमध्ये याचा नंबर असतोच, पण याच्या नावाने नसतो. 'वेबसाइट' एवढंच नाव देऊन तो ठेवलेला असतो. मग दुकानात वाक्यंही तशीच कानावर येतात. 'वेबसाइट फोन उचलंना.' 'वेबसाइट मावशीच्या बाराव्याला गेलाय.' 'वेबसाइटचं जमलं म्हणे, पोरगी इचलकरंजीची.'

आमच्या पाहण्यातला नमुना कोल्हापूरचा. तिशीच्या अलीकडचा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप. लॅपटॉपला लागणारं तीन पिनांचं सॉकेट दुकानात देवाच्या फोटोपाशी एकच असतं, त्यामुळे हा कामाला बसला की लक्ष्मीपुढचा दिवा विझतो. बोलणं कमी. काहीही विचारा, उत्तर एकच: 'होतंय की!'

या माणसाची सुरुवात कॉलेजात, कीबोर्डवरच्या एफ-बारा या बटणापासून होते. ते दाबलं की ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडतात आणि समोरच्या पानाचा आतला सगळा मजकूर हाती येतो. तिथे लाखाच्या फोनची किंमत खोडून एक रुपया लिहिता येतो. ती फक्त आपल्याच पडद्यावर बदलते आणि पान रिफ्रेश केलं की फोन पुन्हा लाखाचा होतो, हे कळल्यावर बहुतेक पोरं हसून सोडून देतात. त्या क्षणी ज्याला 'हे कायमचं कसं करायचं?' असा प्रश्न पडतो तो पुढे एकतर तुरुंगात जातो, नाहीतर वूकॉमर्समध्ये.

वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसवरच्या वेबसाइटचं दुकान करणारं प्लगइन. मूळ प्लगइन फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना उघडा. शॉपिफाय या ऑनलाइन दुकान भाड्याने देणाऱ्या सेवेबद्दल आपला गडी भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तसं बोलतो: 'खिळा मारायचा तरी घरमालकाला विचारा.' त्यात तथ्य आहे. तिथे पैसे भरण्याच्या पानात खोलवर हात घालायची मुभा मुख्यतः महागड्या 'प्लस'वाल्या दुकानांनाच. वूकॉमर्समध्ये मात्र पावलोपावली हुक आहेत. किमतीच्या आधी, किमतीच्या नंतर, 'कार्टमध्ये टाका' या बटणाच्या आधी, नंतर, बेरीज होताना, ऑर्डर पडल्यावर. आपलं फंक्शन लिहायचं आणि हव्या त्या हुकाला अडकवायचं. मूळ कोडला हात लावायचा नाही, साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमच्या फायलींनाही नाही, कारण अपडेट आलं की केलेलं सगळं धुऊन जातं. म्हणून मूळ थीमच्या पोटी एक चाइल्ड थीम काढायची आणि सगळे उद्योग तिच्या 'फंक्शन्स डॉट पीएचपी' या फायलीत करायचे. नियम शहाणपणाचे आहेत. ते करणाऱ्यांनी फक्त आमचे मालक पाहिले नव्हते.

हे मालक चप्पल लाइनीतले. सुरुवातीला त्यांचं मागणं एवढंच होतं की फोटो टाक, किमती टाक आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात टाक. हे तर वूकॉमर्स एकही फाइल न उघडता करतं. चाइल्ड थीमवाल्याला तो अपमान वाटला. तो म्हणाला, 'मालक, अजून काय पाहिजे ते सांगा की.'

गल्ल्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे विचारायचं नसतं.

'गिऱ्हाइकाचं पाऊल आपण कागदावर काढून घेतो बघ. ते हितं होतंय काय?'

'होतंय की!'

बटणाच्या आधीच्या हुकावर फोटो चढवायची सोय बसली. कागदावरच्या पावलाऐवजी लोकांनी पायाचेच फोटो चढवले. कुणी मोज्यासकट. कुणी जुन्या चपलेचा, कुणी नुसत्या कागदाचा. एका बाईंनी आधार कार्ड चढवलं. मग फोटो नसेल तर ऑर्डर घेऊ नये अशी तपासणी आली. त्यावर ज्यांना आपला नंबर पाठ होता ते चिडले, म्हणून 'मला माझा नंबर माहीत आहे' अशी खूण करायची चौकट आली, आणि खूण केली की खाली सहा ते अकरा नंबरांची यादी उघडू लागली. अशी यादी वूकॉमर्समध्ये सेटिंगातूनच येते. पण ती आयती मिळणं वेगळं आणि दीडशे ओळी लिहून मिळवणं वेगळं.

मग मालकांना करकर वाजणारी आणि बिनआवाजाची अशा दोन जाती वेगळ्या हव्या झाल्या. तेही झालं. वर 'आवाज ऐका' असं बटण आलं, पण ते दाबायची वाट न बघता आवाज पान उघडल्या-उघडल्याच येई. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून कामाच्या वेळात चपला बघणारं गिऱ्हाईक तेव्हापासून तुटलं ते तुटलंच.

पण त्याचं खरं कर्तृत्व पिनकोडात. मालक म्हणाले, 'जवळच्यास्नी डिलिव्हरी फुकट ठेव.' पिनकोडप्रमाणे पोस्टेज ठरवायची सोय वूकॉमर्सच्या सेटिंगात आहे. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही. कोल्हापूरचा पिन ४१६ ने सुरू होतो, म्हणून पहिले तीन आकडे ४१६ असतील तर पोस्टेज शून्य, असं दोन ओळींचं फंक्शन त्याने लिहिलं आणि चहा मागवला. आता १५ ऑगस्ट १९७२ ला पोस्टाने पिनकोड सुरू केला तो पत्रं लावण्यासाठी, चपलांसाठी नव्हे. ४१६ मध्ये सांगली-मिरज येतं, आणि घाट उतरून पार सावंतवाडी, मालवण, देवगडही येतं. मालवणला फुकट जोड जाऊ लागले. कराडचा पिन मात्र ४१५, रत्नागिरीच्या पंगतीतला. अंतर मालवणच्या निम्मं, पण कराडकरांना पोस्टेज. आणि निपाणी? हाकेच्या अंतरावर, दर आठवड्याला कोल्हापुरात येणारी माणसं, पण पिन ५९१, कर्नाटकाचा. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाने फोन केला, 'सरकारनं तोडलं ते तोडलं, तुम्हीबी तोडलं व्हय?' मालकांना भरून आलं. निपाणीचा अपवाद लिहिला गेला. मग बेळगावचा. मग कराडचा. मालवण काढून टाकावं म्हटलं तर मालकांची बहीणच तिकडे दिलेली. सीमाप्रश्नावर इतका तपशीलवार तोडगा दुसऱ्या कुठल्या फायलीत असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं तो थेट चालू साइटवर करतो. आधी साइटच्या नकलेवर, म्हणजे स्टेजिंगवर, करून बघावं असं सगळे सांगतात. त्याचं स्टेजिंग म्हणजे रात्री अकरानंतरची वेळ. एखादा अर्धविराम राहतो आणि दुकान पांढरंफटक होतं. पूर्वी हे मालकांना सकाळपर्यंत कळत नसे. २०१९ पासून वर्डप्रेस मोठी चूक झाली की ॲडमिनच्या पत्त्यावर आपण होऊन मेल धाडतं, आणि चूक कुठल्या थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे तेही लिहितं. ॲडमिनचा पत्ता मालकांचा.

'बाळ, इंग्लिशमध्ये मेल आलीया. चाइल्डनं घोटाळा केला म्हणतीया. म्हंजे तूच न्हवं?'

तो एकटाच असता तर निभावलं असतं. पण त्याच्याआधी एक होता आणि हा गावाला गेला की मध्ये आणखी एक येऊन जातो. एकाच हुकावर अनेक फंक्शन्स अडकवली तर आकडा देऊन त्यांचा क्रम ठरतो. काही न सांगितलं तर दहा. लहान आकडा आधी चालतो, म्हणजे शेवटचा शब्द मोठ्या आकड्याचा. आधीच्याने वीस घातला होता. याने नव्याण्णव घातला. मधल्याने नऊशे नव्याण्णव. मी शेवटचं पाहिलं तेव्हा नऊच्या आकड्यांची माळ ओळीच्या उजव्या कडेला पोचली होती. वाद कशाचा, तर 'कार्टमध्ये टाका' हे बटण भगवं असावं की चॉकलेटी.

त्याला नावं ठेवावीत तर त्याचं कुळच तसलं. शॉपिफायचे टोबियास लुटके २००४ मध्ये कॅनडातल्या ओटावात बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायला निघाले होते. दुकानाचं एकही सॉफ्टवेअर पसंत पडेना म्हणून स्वतःच लिहायला बसले. फळ्या बाजूला पडल्या आणि २००६ मध्ये सॉफ्टवेअरच विकायला काढलं. वूकॉमर्सचा जन्म तर याहून सरळ आहे: २०११ मध्ये वूथीम्सने जिगोशॉप नावाच्या प्लगइनचा उघडा कोड उचलला, त्यावर काम करणाऱ्या दोघांना आपल्याकडे घेतलं आणि आपले बदल सुरू केले. ऑटोमॅटिक कंपनीने २०१५ मध्ये ते सगळं विकत घेतलं. दुसऱ्याच्या दुकानातलं बटण हलवता हलवता माणसं अशीही मोठी झालेली आहेत, हे चाइल्ड थीमवाल्याला तोंडपाठ आहे. चहाच्या टपरीवर तो ही कथा सांगतो तेव्हा पैसे दुसरा कोणी देतो.

अलीकडे तो थोडा दुखावलेला असतो. २०२३ च्या शेवटापासून नव्या दुकानांना कार्ट आणि पैसे भरायचं पान ठोकळ्यांचं, म्हणजे ब्लॉक पद्धतीचं मिळू लागलं, आणि त्या पानावर जुने पुष्कळ हुक चालतच नाहीत. नवं दुकान हातात आलं की तो पहिली गोष्ट ही करतो की ते पान काढून जुनं शॉर्टकोडचं बसवतो. देवाला नमस्कार त्यानंतर.

परवा मालकांची सून माहेरून आली. तिने वेबसाइट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाली, 'पहिली होती तीच बरी होती हो, भाऊजी. फोटो, किंमत, फोन नंबर. परत तशी नाही का करता येणार?'

'होतंय की!'

खरं तर अडकवलेलं फंक्शन हुकावरून काढताही येतं. फक्त त्याचं नाव आणि त्याचा आकडा अचूक सांगावा लागतो. घाईत लिहिलेल्या बऱ्याचशा फंक्शनांना याने नावंच ठेवलेली नव्हती. आता त्यांना हाक कशी मारणार? फायलीतून पुसून टाकायची तर त्याची छाती होत नाही, कारण कशाच्या आधारावर काय उभं आहे ते आता त्यालाही सांगता येत नाही. म्हणून तो सध्या एक नवीन प्लगइन लिहितोय. ते चालू केलं की वेबसाइटवर कोणीच काही केलेलं नाही असं दिसेल. बरंचसं झालंय. सेटिंगचं पान तेवढं राहिलंय. तिथे वेबसाइट किती साधी हवी ते निवडता येणार आहे.