ताशी पाच

आमच्या कोथरूडच्या काकांना स्कूटरवर पाहिलेला माणूस त्यांच्या छंदावर विश्वास ठेवणार नाही. पिवळा दिवा लागला की पीळ द्यायचा, अशी त्यांची वाहतुकीची समज. लिफ्टचं बटण ते लिफ्ट येईपर्यंत दाबत राहतात. लग्नात अक्षता हवेत असतानाच पंगतीतली जागा धरतात. आणि हाच माणूस घरी आला की मागच्या खोलीत एका वीतभर इंजिनासमोर वाकून म्हणत असतो, "सावकाश... अगं, सावकाश!"

खोलीभर प्लायवूड, त्यावर एचओ मापाची रेल्वे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी, दोन रुळांत अंतर 16.5 मिलिमीटर. पाहुण्याला आधी हे आकडे मिळतात, पाणी नंतर. गाडी पळवणं हे काकांच्या मते पोरासोरांचं काम. 12 व्होल्ट दिले की कुठलंही इंजिन धावतं, त्यात मालकाचं कर्तृत्व काय? यार्डात डबे जोडायला निघालेलं खरं इंजिन ताशी 5 किलोमीटरने आलं, तर या मापात ते सेकंदाला जेमतेम दीड सेंटिमीटर होतं. मीटरभर रुळाला एक मिनिट. काकांना ते मिनिट हवं आहे.

इंजिन ते देत नाही. मोटरला जागची हलायला जेवढे व्होल्ट लागतात, तेवढे पुढे चालत राहायला लागत नाहीत. नॉब हळूहळू फिरवावा तर काहीच घडत नाही, आणखी फिरवावा तरी नाही, आणि मग गाडी एकदम पुलापलीकडे. सरकारी कचेरीतली फाइलही अशीच हलते. फक्त ती पुलापलीकडे जात नाही.

उपाय सुरू झाले. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आलं. सोवळ्याच्या घरात शिरलेलं हे पहिलं अल्कोहोल, आणि तेही रुळांच्या नशिबी. एका भाच्याने मदत म्हणून पॉलिशपेपर काढला. रुळावर ओरखडे पडले की त्यांतच घाण साठते, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्या दिवाळीला त्याला फराळाचं बोलावणं गेलं नाही. गिअरला तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं तर ते चाकांवर उतरतं आणि इंजिन जागच्या जागी घसरतं. सुई अर्थातच काकूंच्या मशीनची.

जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात काका पाहुण्यांना हौसेने नेतात. दिवे लागतात, सर्कस दिसते, पोरं टाळ्या वाजवतात. काका मात्र मान वाकडी करून गाडी सुटतानाचा पहिला इंच बघतात. बाकीचा कार्यक्रम त्यांच्या दृष्टीने मध्यंतर.

मग अमेरिकेतल्या मुलीच्या बॅगेतून चॉकलेटांच्या जागी डिकोडर आला. नखाएवढी पाटी. ती मोटरला अख्खा दाब देते, पण तुकड्यातुकड्याने, क्षणभर देऊन लगेच काढून घेत. मधल्या फटीत फिरती मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते. ती मोजून पाटी ओळखते की गाडी अडखळते आहे, आणि हळूच जोर वाढवते. काकांनी हे रंगवून सांगितलं. काकू भाजी निवडत म्हणाल्या, "पाटीला कळतं म्हणायचं, समोरचं कधी अडलंय ते."

काकांना तो टोमणा लागला नाही, कारण ते डिकोडरच्या सीव्ही 2 मध्ये होते. सुटतानाचे व्होल्ट या खान्यात भरायचे. वेग किती रमतगमत वाढवायचा ते 3 मध्ये, किती रमतगमत उतरवायचा ते 4 मध्ये. खाने भरता भरता पावसाळा संपला आणि इंजिन खरंच सरकू लागलं.

राहिला सांधा. रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे मधोमध प्लॅस्टिकचा तुकडा असतो आणि त्यात वीज नसते. वेगात आलेली गाडी तो झोकात ओलांडते. मुंगीच्या पावलाने आलेली तिथेच बसते. काका मग मागून बोट लावतात. याला ढकलणं म्हणायचं नाही. बोरघाटाच्या 37 ला 1 चढासाठी कर्जतला गाडीमागे बँकर इंजिन लागतं, तसं हे. "बँकर लावला," असं म्हणून ते पाहुण्याकडे अशा नजरेने बघतात की पाहुणा नियमावली मागत नाही.

इकडे दिवाणखान्यातला पंखा पाचवर ठेवला तरी एकवर असल्यासारखा फिरत होता. किती महिने, ते काकू सांगत नाहीत. "तुम्हाला संथच आवडतं ना, म्हणून बोलले नाही," म्हणाल्या, आणि त्यांनी परस्पर वायरमनला फोन केला. तो आला, स्टुलावर चढला, "कंडेन्सर गेलाय," म्हणाला आणि पाच मिनिटांत बदलून खाली उतरला. पैसे मोजून घेताना त्याला मागच्या खोलीत सांध्यावर बसलेली गाडी दिसली.

"काका, वीज तुटते तिथे अडते ना? हिलाही कंडेन्सर टाका की. तेवढ्यापुरता तो करंट देईल."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा आणि इंजिनाला लागेल तो कित्येक हजारांचा, यांतला फरक त्यांनी समजावून दिला, पण आवाजात दम नव्हता. थोड्या वेळाने खोलीचं दार आतून लागलं. वायरमनच्या फोनवर तीन ठिकाणांहून गिऱ्हाइकं ओरडत होती आणि काका आतून सांगत होते, "अहो, दोन कप चहा टाका. आणि पंखा जरा बंद करा, सोल्डर लवकर गार होतंय."