‘काही नाही होत बे’ आणि दुसरा दोर

नागपूर–भंडारा मार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौद्याची भूमी इतकी सपाट आहे की दोरावरून खाली उतरण्याच्या, म्हणजे रॅपलिंगच्या, हौसेला तेथे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांखेरीज जागा दिसत नाही. आणि त्या या कामासाठी बांधलेल्या नसल्यामुळे मौदेकर उपासकास अख्खा महाराष्ट्र ओलांडून सह्याद्री गाठावा लागतो. एवढा प्रवास आनंदाने करणारा हा गृहस्थ कड्यावर पोहोचताच दहा मिनिटांच्या तपासणीला मात्र वेळेचा अपव्यय समजतो. या वृत्तीच्या मुळाशी ‘काही नाही होत बे’ हा नागपुरी सिद्धान्त असून, तो बहुतेक वेळा खरा ठरतो, आणि खोटा ठरतो तेव्हा त्याचा प्रतिपादक दुरुस्तीसाठी उपलब्ध नसतो.

रॅपलिंगमध्ये कड्यावरील भक्कम आधाराला, म्हणजे अँकरला, बांधलेला दोर उतरणाऱ्याच्या कमरपट्ट्यातील डिसेंडर नावाच्या, बहुधा इंग्रजी आठाच्या आकाराच्या, कडीतून ओवतात आणि खालच्या हाताने तो आवळला की घर्षणामुळे वेग आटोक्यात राहतो. सारी मदार त्या हातावर असते. परंतु आग्यामाशीने कानाला डंख मारल्यास हात प्रथम कानाकडे धावतो, हे निसर्गनियमास धरूनच आहे. यावर उपाय म्हणजे ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडलेली गाठ : मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घेतले असता ती हाताने सरकते, मात्र भार पडताच आवळते. तिचा कमरपट्ट्याला अडकवलेला फास लांब राहून गाठ डिसेंडरला टेकली, तर ती पकड घेत नाही आणि केवळ अलंकार म्हणून उरते. दोराच्या खालच्या टोकालाही गाठ हवी, अन्यथा दोर संपला तरी उतरणे सुरूच राहते. पायथ्याशी उभा असलेला सोबती दोर ताणून उतरणाऱ्याला थांबवू शकतो, मात्र त्यासाठी त्याचे डोळे वर, दोन्ही हात दोरावर आणि मोबाइल खिशात असावा लागतो.

मराठी मनाला मुख्य दोराखेरीज सुरक्षेसाठी लावायच्या दुसऱ्या दोराचे वावडे असण्यास इतिहासही कारणीभूत असावा, कारण १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यानंतर त्यांचा भाऊ सूर्याजी याने परतीचे दोर कापल्याची कथा येथे प्रत्येकास पाठ असते. तथापि रॅपलिंग करणाऱ्याची वाट गडाचा किल्लेदार उदयभान नव्हे, तर पिठलंभाकरी पाहत असल्यामुळे दोर राखणेच श्रेयस्कर होय.

उपकरणांहून अधिक महत्त्व सवयीला आहे. गावाला जाताना कुलूप लावून ते ओढून पाहणारा मनुष्य ज्या श्रद्धेने ओढतो, त्याच श्रद्धेने, स्वतःला अँकरशी जोडणारी पट्टी न सोडता, प्रथम दोरावर पूर्ण भार टाकून पाहावा. अर्ध्यावर कोणी हाक मारल्यास तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी. १९८९ साली फ्रान्समधील ब्यूक्स येथे लिन हिल ही जगद्विख्यात आरोहक गाठ बांधता बांधता बुटांकडे वळली, अर्धवट गाठीवर माथ्यापर्यंत चढली आणि खाली येण्यासाठी दोरावर रेलताच कोसळली. झाडाच्या फांद्यांनी तिला वाचवले.

यावरून असा निष्कर्ष निघतो की नवशिक्याचे बकल सगळेच तपासतात, तर जाणत्याचे कोणीच तपासत नाही. म्हणून खरी काळजी जाणत्याचीच घ्यावी. नवशिक्याने त्याच्या गाठी बिनदिक्कत ओढून पाहाव्यात, आणि त्यात ज्याला अपमान वाटेल त्याला पायवाटेने उतरण्याचा मान सन्मानपूर्वक द्यावा.