कैनाडची हजेरी

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलं घेऊन पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा त्यांच्या गाठीशी मॅफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा होता. माझ्या गाठीशी सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची एक टर्म होती, तीही बिनविरोध. म्हणजे दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. तरी संस्थेने आठवी ते दहावीची एकतीस मुलंमुली माझ्या आणि एका ताईंच्या हवाली केली आणि ‘काळजी घ्या’ असं बजावलं. कुणी कुणाची, ते सांगितलं नाही.

शिबिर होतं डहाणू तालुक्यातल्या कैनाडला. २०१३ सालापासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते, ही मुंबईकरांची मोठीच सोय झाली. फक्त आम्हाला विरारला गाडी बदलायची होती, आणि सकाळी विरारच्या फलाटावर एकतीस मुलं मोजणं हे काम जनगणना खात्यानेही अंगावर घेतलं नसतं. मी क्रमाने आकडे म्हणायला लावले. अकरावा ‘ग्यारह’ म्हणाला, बारावी ‘प्रेझेंट सर’ म्हणाली, तेरावा आधीच वडापावच्या स्टॉलवर होता. सफाळ्याला मोजली तेव्हा तीस भरली, पालघरला बत्तीस. वाणगावला बरोबर एकतीस भरली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यातला एक मीठमसाला लावलेली कैरी विकणारा पोरगा आहे, हे ताईंनी लक्षात आणून दिलं. आपला एकतिसावा पुढच्या डब्यात कुणा आजोबांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. आजोबाही झोपले होते.

स्टेशनावरून टमटमने कैनाड. डहाणू म्हटलं की मुंबईकराला समुद्र आणि चिकू आठवतात. गाडीरस्ता आत वळला की वारली पाडे, कुडाच्या भिंतींची घरं, शेताच्या बांधावर ताड, आणि एप्रिलअखेरचं ऊन. त्या उन्हाला शहरातल्यासारखी भिंतीआडची सावली ठाऊक नाही. मुलांनी उतरल्या उतरल्या विचारलं, ‘सर, चार्जिंग कुठे?’

चार्जिंगचा प्रश्न मी मुळातच सोडवला. शिबिराच्या नियमानुसार सगळ्यांचे फोन काढून घेतले, एका पिशवीत भरले आणि पिशवी उशाशी घेऊन निजलो. नेटवर्क नसलं तरी गजर वाजतो, हे शास्त्रीय सत्य मला पहाटे पाचला कळलं. आधी कुणाच्या तरी क्लासचा गजर झाला, मग जिमचा, मग सनई, मग कोंबडा. तो कोंबडा ऐकून पाड्यावरचे खरे कोंबडे चवताळले आणि त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. प्रत्येक फोनला वेगळा पासवर्ड. मी पिशवी उचलून अंधारात पळत सुटलो आणि चिंचेखाली बसून साडेसहापर्यंत एकेक गजर अंगठ्याने दाबत राहिलो. मुलं आठला उठली. ‘गावाकडे किती शांत असतं नाही, सर?’ असं त्यांतल्या एकीने मला विचारलं.

न्याहारीला पुन्हा हजेरी. बत्तीस. पुन्हा मोजली. बत्तीस. एक कमी असता तर काय करायचं याचं प्रशिक्षण मला मिळालं होतं: शांत राहा, शिट्टी वाजवा, पोलीस पाटलांना कळवा. एक जास्त असेल तर काय करायचं, याबद्दल त्या पुस्तिकेत एक ओळ नाही. बत्तिसावा रांगेच्या शेवटी पोहे खात बसला होता. त्याच्या मागे चार शेळ्या. त्याला नाव विचारलं तर त्याने गंभीरपणे ‘बत्तीस’ म्हणून सांगितलं. रांगेतल्या इतरांचं ऐकून त्याला वाटलं असणार, इथे हीच पद्धत.

ताईंचं म्हणणं, राहू दे. त्या बालवाडीवाल्या; त्यांच्या बोलण्यात कोसबाड आल्याशिवाय राहत नाही. याच तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम १९५७ सालापासून चाललं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. ‘अनुताईंनी हा मुलगा शोधत रान पालथं घातलं असतं,’ ताई म्हणाल्या, ‘आणि तुमच्याकडे तो पायांनी चालत आलाय तर तुम्ही त्याला वजा करताय.’ मी गप्प बसलो. हिशेबाच्या वहीत ‘३१ + १ (शेळ्या वेगळ्या)’ अशी नोंद केली.

दुपारी वारली चित्रकला. मी रात्रभर वाचून भाषण तयार केलं होतं: लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरूची भिंत, ठेचलेल्या काडीचा कुंचला, मग याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली आणि ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भाषण रंगात आलं असताना शिकवायला आलेल्या मावशींनी माझ्या हातात काडी दिली. मी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल डोकं काढलं, हातपाय लावले. मावशींनी बराच वेळ पाहिलं आणि हा माणूस आजारी आहे का, असं विचारलं. का बरं? तर तो काहीच करत नाहीये. त्यांच्या भिंतीवरचा कुणी नांगर धरतो, कुणी मासे पकडतो, कुणी ताडावर चढतो, कुणी नाचतो. माझा नुसता उभा. मुलं म्हणाली, ‘मावशी, ते सर आहेत. हजेरी घेतायत.’ मावशींना ते काम आहे हे काही केल्या पटलं नाही.

संध्याकाळी तारपा. दुधीभोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून एवढा दणदणीत सूर निघतो यावर आमच्या कीबोर्डवाल्या पोराचा विश्वासच बसेना. नाचात तारपकरीकडे पाठ करायची नसते. तो वळेल तशी साखळी वळते. साखळीत मला मधोमध घेतलं, बहुधा पळून जाऊ नये म्हणून. पहिली फेरी झकास झाली. मग तारपकरीने चाल बदलली, साखळीने पाय बदलला आणि मी एकटा जुन्याच चालीवर राहिलो. परिणामी माझ्या डावीकडची अर्धी साखळी पूर्वेला गेली, उजवीकडची पश्चिमेला. माझी एक चप्पल दुसऱ्या दिवशी शेळ्यांकडे सापडली.

पण खरा प्रसंग पुढेच होता. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा उशिरा आली, त्यामुळे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा आमच्या शिबिरात सापडली. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा पुजारी डोंगरावर ध्वज लावतो आणि पंधरवडाभर यात्रा चालते. मुलांना डोंगर चढायचा होता. मी त्यांना आख्यायिका सांगितली: गरोदर भक्तिणीला चढवेना म्हणून देवी स्वतः पायथ्याशी उतरली. देवी खाली आलेली असताना वर जाणं हा तिचा अपमान नव्हे का? पोरांना युक्तिवाद पटला नाही, पण पायथ्याशी आकाशपाळणा दिसला.

मुलं पाळण्यात बसली आणि मी खाली उभा राहून मोजू लागलो. फिरत्या पाळण्यातली मुलं मोजून पाहिली आहेत का कधी? चौदापर्यंत जावं तर पहिला पुन्हा समोर. तरी नेटाने मोजत राहिलो. पाळणा थांबला, मुलं उतरली आणि त्यांतलं एकही आमचं नव्हतं. आमची केव्हाच उतरून उसाच्या रसाकडे गेली होती. मी गर्दीत घुसलो. बांगड्या, भांडी, टोप्या, पुन्हा बांगड्या. तेवढ्यात कर्णा खरखरला.

‘लक्ष द्या. डोंबिवलीहून आलेले एक सर हरवले आहेत. पांढरी टोपी, चष्मा, गळ्यात शिट्टी. घाबरलेले असण्याची शक्यता आहे. कुणाला आढळल्यास त्यांना चौकीजवळ आणून सोडावं. मुलं वाट बघत आहेत.’

आवाज आमच्या नववीतल्या वक्तृत्व स्पर्धावालीचा होता. उच्चार स्वच्छ, दोन वाक्यांत योग्य तेवढा विराम. सूचना तीनदा झाली. आजूबाजूच्या निदान पन्नास माणसांनी माझी टोपी, चष्मा, शिट्टी या क्रमाने खात्री करून घेतली. एका बांगडीवाल्या आजींनी ‘घाबरू नका हं’ म्हणून पाणी दिलं. मग गर्दीतून एक हात आला आणि त्याने माझं बोट धरलं. बत्तीस. घरच्यांबरोबर यात्रेला आला होता. अंगात नवा शर्ट, शेळ्या नव्हत्या. त्याने मला चौकीपर्यंत नेलं आणि ताईंच्या ताब्यात दिलं. ताईंनी वहीत सही केली.

परतीच्या गाडीत मला मुलांनी मधल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवलं. विरार येईपर्यंत प्रत्येक स्टेशनवर कुणी ना कुणी येऊन, ‘सर आहेत,’ असं मोठ्याने ओरडून जात होतं.

यंदाच्या शिबिराचं पत्रक परवाच आलं. मुक्काम कैनाडच. सामानाच्या यादीत टॉर्च, पाण्याची बाटली, टोपी, सुती कपडे नेहमीप्रमाणे आहेत. खाली एक नवा नियम छापला आहे: शिबिरप्रमुखांनी गळ्यात नाव, पत्ता आणि रक्तगट लिहिलेलं ओळखपत्र सदैव घालावं. मजकूर विद्यार्थी प्रतिनिधींनी लिहून दिला आहे, आणि समितीने तो एकमताने मंजूर केला.