ना-हरकतीची हरकत

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मुंबई विद्यापीठातून पुण्याच्या विद्यापीठात जायचे, तर रस्ता सुमारे 150 किलोमीटरचा. फायलीला मात्र द्रुतगती मार्ग नाही. दोन्ही महाविद्यालयांचे ना-हरकत पत्र लागते: सोडणाऱ्याला नवी जागा पक्की झालेली हवी, घेणाऱ्याला जुनी सुटलेली. मग मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची समकक्षता. ओहमचा नियम खंडाळ्याच्या घाटात बदलत असावा, अशी शंका इथे गांभीर्याने तपासली जाते. विषय जुळला नाही, तर उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही नवा पेपर द्यावा लागू शकतो. 2021 साली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. क्रेडिट आता खात्यात जमा होतात. तरीही नव्या महाविद्यालयात त्या शाखेची जागा रिकामी नसेल, तर प्रवेश मिळत नाही.