एकमुखाने विरोध करणाऱ्यांस अनावृत पत्र

श्रीयुत ॲडमिन महाशय यांस,
सविनय नमस्कार, विनंती विशेष.

हिंगणघाटापासून आर्वीपर्यंत सभासद असलेल्या आपल्या राजकीय व्हॉट्सॲप समूहाचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढील वर्णन आपल्या प्रतिपक्षाचेच आहे, असे समाधान वर्धा जिल्ह्यातील प्रत्येक वाचकास लाभावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रस्थापित मतास शरण न जाणाऱ्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसांचा हा मेळा, अशी जी सनद आपण आरंभी जाहीर केली, तिची अंमलबजावणी इतकी चोख झाली आहे की, कोणत्याही प्रश्नावर आपले सभासद काय म्हणतील हे प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच सांगता येते. यासाठी कोणास कारस्थान रचावे लागले नाही. ‘प्रतिपक्षाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे’ असे लिहिणाऱ्यास प्रथम चमचेगिरीची पदवी बहाल होते, मग त्याच्या मजकुराकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि अखेरीस तो निमूटपणे स्वतःच रुखसत घेतो. असा एकेक सौम्य माणूस गेला की समूहाचा काटा आपोआप तीव्रतेकडे झुकतो, व कालचा जहाल आज मवाळ ठरून बडतर्फीस पात्र होतो. उरलेल्यांस मात्र वाटते की, साऱ्यांस आपले म्हणणे पटले!

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, समान हेतू असल्याखेरीज सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनास जबाबदार धरता येत नाही, असा निवाडा देताना, सभासद घेणे व काढणे एवढाच त्याचा मर्यादित अधिकार असल्याचे नमूद केले. त्यांतील दुसऱ्या अधिकाराचा आपण केलेला विनियोग पाहून न्यायमूर्तीही स्तिमित होतील.

आपल्याच मुलखातील पूर्वसूरींस मात्र ही व्यवस्थापनकला अवगत नव्हती. नित्य प्रार्थना चालणाऱ्या सेवाग्राम आश्रमात 1944 साली आंध्रातील कट्टर नास्तिक गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ गोरा दाखल झाले, तेव्हा गांधीजींनी त्यांस दाराबाहेर काढण्याऐवजी वाद घालीत बसवून घेतले, इतकेच नव्हे तर त्यांच्या कन्येच्या नियोजित विवाहाच्या शपथेत ईश्वराच्या जागी सत्य घालण्यासही ते राजी झाले. पुढे 1974 मध्ये जयप्रकाश नारायणांच्या बिहार आंदोलनावरून सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या सर्व सेवा संघात उभी फूट दिसू लागली, तेव्हा पवनारच्या विनोबांनी, आंदोलन त्यांस मान्य नसताही, सत्य, अहिंसा व संयम पाळून ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे वागावे, अशी तोड सुचविली. संघ दुभंगायचा तो दुभंगलाच. परंतु आपल्या पद्धतीने हेच काम एका बोटाने, चहा निवण्यापूर्वी उरकले असते.

आता एकच अर्ज. कापसाचा भाव असो वा पाण्याचा प्रश्न, त्यावरील एक विधान, ते कोणाचे हे न सांगता, समूहावर टाकावे आणि सभासदांचे मत मागवावे. विधान खरे की खोटे, याची शहानिशा करणारे किती निघाले, आणि ‘आधी सांगा, हे म्हटले कोणी?’ असे विचारणारे किती, एवढा तपशील कृपा करून कळवावा. समूह स्वतंत्र बुद्धीचा आहे की नाही, याचा फैसला मग आपणच करावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
अद्याप न वगळलेला एक सभासद